कायद्याच्या कप्प्यातलं चौथं पान

३ मार्च, सोमवार

आज मालकांनी लेखी दिलं. कंपनीचे सगळे कागद संगणकावर कसे लावायचे, कोणाला काय दिसायचं आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचं काम माझं. बाहेरचा सल्लागार आणायचा नाही. "तुमच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत आहे?" असं म्हणाले. तो प्रश्न नव्हताच, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

नोंदीसाठी: कंपनी लिफ्टची देखभाल करते. चारशे अकरा इमारती, सहाशे अडतीस लिफ्ट, अडतीस हजारांवर कागद. नकाशे, दुरुस्तीचे अहवाल, लिफ्ट बनवणाऱ्यांची पत्रं, तक्रारी, नोटिसा. गेली सत्तावीस वर्षं हे सगळं सोळा लोखंडी कपाटांत माझ्या ताब्यात आहे. मी इथे नकाशांच्या प्रती काढायला लागलो होतो. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. संगणक शिकलो तो उघडून, बिघडवून आणि परत जोडून. मेकॅनिक मंडळी पाठीमागे मला 'कपाट' म्हणतात. त्यांना वाटतं, मला माहीत नाही. माझी हरकत नाही. कपाटात वस्तू जागच्या जागी असते.

घरी हिला सांगितलं. "म्हणजे आता रोज उशिरा," ही म्हणाली.

"उशिरा नाही. वेळेवरच येईन. वेळ तेवढी बदलेल."

हिने मान हलवली आणि भावाला फोन लावायला घेतला. बातमी त्याला आधी सांगायची असते. माझा हा धाकटा मेहुणा आमच्याच कंपनीत मेकॅनिक आहे. मीच चिकटवला, एकोणीस वर्षांपूर्वी. ही त्याला अजून 'सोन्या' म्हणते. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला!

६ मार्च, गुरुवार

बैठक झाली. प्रश्न एकच होता: कागद संगणकावर झाडासारखे, फांदीतून फांदी असे लागतात, तर त्या झाडाचं खोड कशाचं करायचं?

फोरमन म्हणाला, "इमारतीप्रमाणे लावा. माझा माणूस इमारतीत जातो, मॉडेलमध्ये नाही जात."

नवी इंजिनिअर म्हणाली, "पण बिघाड मॉडेलचा असतो, सर. एकच पिन चाळीस इमारतींत बसवलेली असेल, तर चाळीस कप्पे उघडायचे का?" तिला येऊन आठ महिने झालेत. डिग्री दोन आहेत.

वकीलबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "झाड लावा नाहीतर वेल लावा. माझं पत्र दुसऱ्या कोणी वाचलं नाही म्हणजे झालं."

मी सगळ्यांना बोलू दिलं. मग निर्णय सांगितला. खोड इमारतीचं. प्रत्येक इमारतीखाली चार कप्पे: नकाशे, देखभाल, पत्रव्यवहार, कायदा. मेकॅनिकला पहिले दोन. कचेरीला पहिले तीन. मालक आणि वकीलबाईंना चारही. मला अर्थातच सगळं.

फोरमन म्हणाला, "कपा... काका, जमलं."

१० मार्च, सोमवार

तीन नियम लिहून काढले आणि टेबलाच्या काचेखाली सरकवले.

परवानगी वरून खाली येते. वरच्या कप्प्याला जी, तीच आतल्या प्रत्येक कागदाला. एकेका कागदासाठी वेगळी परवानगी द्यायची नाही. एकदा दिली, की वर्षभराने कोणी कोणाला काय दिलं होतं ते देवालाही सांगता येणार नाही.

कागद एक, जागा एक. दोन ठिकाणी तोच कागद ठेवला, की एक सुधारला जातो आणि दुसरा तसाच राहतो. मग त्यातला एक खोटं बोलतो आणि कोणता ते कळत नाही.

तिसरा नियम मेकॅनिकांसाठी. लिफ्टला हात लावण्याआधी मोबाइलवर यंत्राचा नंबर टाकून शोधायचं. त्या यंत्राबद्दल काही धोक्याची सूचना असेल तर दिसेल. मग कामाच्या कार्डावर 'सूचना आहे' किंवा 'सूचना नाही' लिहून सही करायची, आणि त्यानंतरच पान्याला हात. आजवर हे माझ्या काउंटरवर येऊन तोंडी विचारायचे. आता लेखी राहील.

इंजिनिअर दुसऱ्या नियमावर अडली. "एका कागदात दोन गोष्टी असल्या तर?"

"तर मुख्य गोष्ट कोणती ते ठरवायचं."

"कोणी?"

असे प्रश्न डिग्रीत शिकवत असावेत.

१४ मार्च, शुक्रवार

आज दोनशे सहा कागद लावले. हात बसला आहे. अडला तो एकच: एका ब्रेक बनवणाऱ्या कारखान्याच्या वकिलाचं चार पानी पत्र. पहिली तीन पानं एका इमारतीच्या तक्रारीबद्दल, जबाबदारी आमची नाही वगैरे. चौथं पान तांत्रिक. पत्र एक, सही एक, जावक क्रमांक एक. पानं फाडून वेगळी लावली तर ते पत्र राहत नाही. मुख्य गोष्ट तक्रार आहे. कायद्याच्या कप्प्यात लावलं. वेळ गेला पाच मिनिटं.

२४ मार्च, सोमवार

यंत्रणा सुरू झाली. सकाळी नऊला एकदम सगळ्यांना उघडली. ज्याला जे बंद आहे, ते कप्पे करड्या रंगात, कुलपाच्या चित्रासह दिसतात. मला देखणं वाटलं होतं.

मेहुण्याचा फोन आला, "भाऊजी, झकास! इथे माळ्यावर बसून बत्तीस वर्षांपूर्वीचा नकाशा बघतोय." मागे पंख्यासारखं काहीतरी घरघरत होतं. पाच मिनिटं तेच तेच बोलत होता. कामाच्या वेळात.

२६ मार्च, बुधवार

दोन दिवसांत एकसष्ट फोन. मोजून ठेवलेत. एकसष्टपैकी त्रेपन्न एकाच प्रकारचे: हे कुलूप कशाचं, मला का नाही, त्याला आहे का, आत काय आहे. एका मेकॅनिकने विचारलं, "आमच्याबद्दल काही लिहून ठेवलंय का आत?" मालकांच्या पुतण्याने तर आपल्याला संशयित मानलं जातंय असं लिहून पाठवलं. वकीलबाई म्हणाल्या, अमुक इमारतीच्या नावापुढे कुलूप दिसतं हीसुद्धा बातमीच आहे. भांडण आहे हे शेंबडं पोरसुद्धा ओळखेल.

म्हणून दुपारी बदल केला. ज्याला जे बंद, त्याला ते दिसणारच नाही. ना कप्पा, ना कुलूप. शोधातही येणार नाही.

चार वाजता इंजिनिअर टेबलापाशी येऊन उभी राहिली. "सर, कागद नाही, आणि कागद आहे पण तुम्हाला दाखवत नाही, ही दोन उत्तरं आहेत. आता दोन्हींना शून्यच येणार."

"ज्याला जे दिसत नाही, त्याला त्याची गरजच नाही. गरज असती तर मी परवानगी दिली असती."

"म्हणजे परवानग्या सगळ्या बरोबर आहेत असं धरून."

"धरून नाही. आहेत."

ती गेली. आपण होऊन गेली, मी काही बोललो नाही.

२८ मार्च, शुक्रवार

दोन दिवसांत तीन फोन. त्यातला एक चुकीचा नंबर.

११ एप्रिल, शुक्रवार

दुसऱ्या एका कंपनीचे दोघे यंत्रणा बघायला आले होते. मालकांनी माझी ओळख करून दिली, "यांनी एकट्याने केलं, कोणाची मदत न घेता." त्यातल्या एकाने विचारलं, शिक्षण कुठे झालं? मी म्हणालो, इथेच, या खोलीत. मालक मोठ्याने हसले. मी विनोद केला नव्हता.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी सव्वाबाराला फोरमनचा फोन. मेहुण्याला अपघात.

जे कळलं ते क्रमाने: जुन्या सातमजली इमारतीत लिफ्टची खोली चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत कोणी नव्हतं. मेहुणा वर माळ्यावर यंत्रापाशी गेला. ब्रेक हाताने सैल करून खोली मजल्याला आणायची, ही नेहमीची पद्धत. ब्रेकची पिन तुटली. ब्रेक परत धरलाच नाही. रिकामी खोली दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मागच्या वजनापेक्षा हलकी असते, त्यामुळे ती वर ओढली गेली, दोर धावला, चाक फिरलं. उजवा हात आत होता. तर्जनी आणि मधलं बोट गेलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं.

ही दवाखान्यात आहे. मी कचेरीतच थांबलो. कागद मागितले जातील, तेव्हा जागेवर माणूस हवा.

२३ एप्रिल, बुधवार

कागद मागितले. मालकांनी यंत्राचा नंबर सांगितला आणि मी चार सेकंदांत पत्र पडद्यावर आणलं. तेच चार पानी पत्र. चौथ्या पानावर कारखान्याने लिहिलं आहे की या प्रकारच्या ब्रेकची पिन झिजून तुटू शकते, तरी मागचं वजन आधी बांधून घेतल्याशिवाय ब्रेक हाताने सैल करू नये. खाली आठ यंत्रांचे नंबर. त्यात हा नंबर तिसरा. ही आठही यंत्रं आज बंद ठेवायला सांगितली.

मग मालकांनी मेहुण्याचं कामाचं कार्ड मागवलं. त्यावर स्वच्छ अक्षरात 'सूचना नाही'. खाली सही.

"म्हणजे न बघताच लिहिलं," मालक म्हणाले.

वकीलबाई म्हणाल्या, "असं असेल तर परवाना राहत नाही."

परवान्याचं असं आहे: हात गेला तरी परवाना असेल तर देखरेखीचं, तपासणीचं काम करता येतं. परवाना रद्द झाला तर लिफ्टच्या धंद्यात कुठेच पाय ठेवता येत नाही. दुसरं काही त्याला येत नाही. शुक्रवारी चौकशी.

२४ एप्रिल, गुरुवार

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शोधांची नोंदवही उघडली. यंत्रणेत कोणी काय शोधलं हे आपोआप लिहिलं जातं. ती फक्त मला दिसते. तीस दिवसांनी पुसली जाते. जागा वाचावी म्हणून तो नियम मीच घातला.

बावीस तारीख. मेहुण्याच्या नावावर दोन शोध, दहा बावन्न आणि दहा चोपन्न. दोन्ही वेळा यंत्राचा नंबर अचूक. सापडले: शून्य. लपवले: एक.

यंत्रणेने सांगितलं होतं तसंच केलं आहे. त्यात दोष नाही.

शेजारच्या टेबलावरून इंजिनिअरने विचारलं, "सर, त्या दिवशी त्यांना काय दिसलं असेल, कळेल का?"

"नोंदी मागाव्या लागतील."

"तुमच्याकडेच असतात ना?"

"माझ्याकडेच मागाव्या लागतील."

तिने मागितल्या नाहीत. तिला मागायचा अधिकार नाही, हे तिला माहीत आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

चौकशी. मालक, वकीलबाई, फोरमन. मला साक्षीला बोलावलं. वकीलबाईंनी विचारलं, "अपघाताच्या दिवशी हा कागद यंत्रणेत होता का?"

"होता. चौदा मार्चपासून."

"यंत्राच्या नंबरावरून सापडतो?"

"मी सापडवला. चार सेकंदांत."

एवढंच विचारलं. मी विचारलं तेवढं सांगितलं. साक्षीदाराने उत्तर द्यायचं असतं, भाषण नाही. शिवाय माणूस माझ्या नात्यातला. मी आपण होऊन काही पुढे केलं तर त्याला वळण वेगळं लागलं असतं. निर्णय पाच मे रोजी.

घरी आलो तेव्हा ही पिशवी भरत होती.

"काय सांगितलंत?"

"विचारलं ते."

"आणि विचारलं काय?"

मी सांगितलं. हिने पिशवीची चेन लावली. "तो म्हणतोय, त्याने बघितलं होतं. तुम्हाला काय वाटतं, खोटं बोलतोय?"

"मला काय वाटतं हा मुद्दाच नाही."

"बरं," ही म्हणाली. दवाखान्यात भावाला जेवण भरवावं लागतं. त्याच्या बायकोची नोकरी सकाळची. म्हणून ही काही दिवस त्यांच्याकडे राहणार आहे. कारण योग्य आहे.

२७ एप्रिल, रविवार

दवाखान्यात गेलो. भेटीची वेळ चार ते सहा, मी चार वाजून दोन मिनिटांनी पोचलो. मेहुणा बसलेला होता. हात उशीवर, कोपरापर्यंत पांढरा. ही बाहेर औषधं आणायला गेलेली.

"या भाऊजी. बसा. तो स्टूल डुगडुगतो, भिंतीला टेकवा."

मी टेकवला.

"मी शोधलं होतं," तो म्हणाला. "एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा वाटलं नंबर चुकला असेल, मशीन जुनं आहे, काहीतरी असणार. परत टाकला. परत शून्य. बरोबरचा म्हणाला, फोन करून विचारायचं का? मी म्हणालो, अरे, कपाट नाही म्हणतंय ना, मग नाही. तो माणूस स्वल्पविराम सोडत नाही, सूचना कुठून सोडेल!"

तो हसला. मग म्हणाला, "रागावू नका हं, कपाट म्हणालो म्हणून."

"मला माहीत आहे ते."

"माहीत आहे? केव्हापासून?"

"अठरा वर्षं."

त्यावर फार हसला आणि हात दुखला.

थोड्या वेळाने आपला आपणच बोलत असल्यासारखा म्हणाला, "काउंटरवर बरं होतं, भाऊजी. तुम्ही नाही म्हणालात की तुमच्या तोंडाकडे बघून कळायचं. खरंच नाही, की आहे पण देणार नाही. देणार नसलात की तुम्ही चष्मा काढून पुसायचात. मग आम्ही फोरमनकडून चिठ्ठी आणायचो."

मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे.

निघताना त्याने विचारलं, "परवाना जाईल का हो?"

मी म्हणालो, निर्णय पाच तारखेला आहे. जिना उतरताना लक्षात आलं, चष्मा माझ्या हातात होता.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी चहा करायला सतरा मिनिटं लागली. हिच्या स्वयंपाकघराला वर्गवारीच नाही. साखर खालच्या फळीवर, मीठ वर, काडेपेटी भांड्यांत. चहाची पावडर दोन ठिकाणी निघाली: एक डबा शेगडीपाशी, एक पाहुण्यांच्या कपांजवळ. तीच पावडर. शेगडीजवळचा डबा रिकामा होता, पण कपांजवळच्याने काम भागलं.

वेळ होता म्हणून सगळे डबे प्रकाराप्रमाणे लावून ठेवले. मग परत होते तसे ठेवले. कुठला कुठे होता ते आठवायला जास्त वेळ गेला.

२९ एप्रिल, मंगळवार

एक खोटा मेकॅनिक तयार केला. म्हणजे यंत्रणेत मेकॅनिकच्या परवानग्यांचं एक नवं नाव उघडलं आणि त्या नावाने आत शिरलो.

माझंच झाड. पण अर्धं. फांद्या कुठे कापल्यात ते दिसत नाही. कापलेल्या जागी सालसुद्धा सारखी. यंत्राचा नंबर टाकला. पांढरा पडदा, मधोमध ओळ: काहीही सापडलं नाही. ही ओळ मीच लिहिली होती. त्या वेळी मजकूर थोडक्यात असावा एवढंच बघितलं.

परत टाकला. परत तेच.

मग संध्याकाळपर्यंत कायद्याचे सगळे कप्पे एकेक करून चाळले. मुख्य गोष्ट तक्रार, पण आत एखादं पान तांत्रिक, असे कागद दोनशे बारा. त्यांत धोक्याची सूचना असलेले नऊ. एक आपला. उरलेले आठ अजून तसेच.

३० एप्रिल, बुधवार

त्या आठ सूचनांच्या प्रती काढून फोरमनच्या हातात दिल्या.

"हे कुठून आलं?"

"वर्गवारी चालू आहे."

"अहो काका, ही जानेवारीची आहे! आठवड्यापूर्वी माझी माणसं या मशीनवर होती. ह्या आम्हाला मोबाइलवर का दिसत नाहीत?"

"दिसतील."

"ते झालं. का दिसत नव्हत्या?"

मी म्हणालो, मला काम आहे. तो कागद हातात धरून तसाच उभा. दाराशी गेलो तेव्हा मागून म्हणाला, "त्यालापण दिसली नव्हती का काका? ती पिनची?"

मला काम होतं.

२ मे, शुक्रवार

मालकांना सांगितलं. दार लावून घेऊन. नोंदवहीची प्रत समोर ठेवली. त्यांनी दोन्ही ओळी दोनदा वाचल्या, मग कागद उलटा करून ठेवला.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला. आणि आता तुम्हाला."

"आणि ही नोंद किती दिवस राहते?"

"तीस. बावीस मेपर्यंत."

ते खिडकीकडे बघून म्हणाले, "हे बघा. तुमचं काम उत्तम आहे. बाहेरून लोक बघायला येतात. एका पानासाठी सगळ्या यंत्रणेवर बोट ठेवलं जाईल. वकीलबाई तर डोकंच धरतील, कायद्याचे कप्पे उघडा म्हणून उद्या मागणी होईल. आणि लोक काय म्हणतील? मेहुण्याला वाचवायला निघाला. पटेल कोणाला?"

"नोंद यंत्रणेची आहे. मेहुण्याची नाही."

"नोंदवही कोणाच्या ताब्यात आहे?"

"माझ्या."

"तेच म्हणतोय मी." मग हळू म्हणाले, "त्याची सोय मी बघतो. गोदामात बसवू. परवान्याची गरज नाही तिथे."

बोलणं मुद्देसूद होतं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मी प्रत घडी करून खिशात ठेवली आणि जागेवर येऊन बसलो. तासभर काही लावलं नाही.

४ मे, रविवार

काही नाही. नोंदवहीच्या तीन प्रती काढल्या. कागद एक, जागा एक हा नियम मी आज मोडला, हे इथे लिहून ठेवतो.

५ मे, सोमवार

चौकशीच्या खोलीत न बोलावता गेलो. मालक म्हणाले, "तुमची साक्ष झाली आहे."

"अपुरी झाली आहे."

एकेक प्रत प्रत्येकासमोर ठेवली. फोरमनने पुढे सरकून वाचली आणि खुर्चीत मागे टेकला. वकीलबाईंनी चष्मा लावला.

"लपवले एक, म्हणजे?"

"म्हणजे कागद होता, पण मेकॅनिकला दिसत नव्हता. त्याला शून्य दिसलं. 'सूचना नाही' हे त्याने त्याला दिसलं ते लिहिलं. माझ्या नियमाप्रमाणे लिहिलं."

"दिसू नये हे कोणी ठरवलं?"

"मी."

"आणि हा कागद कायद्यात कोणी लावला?"

"मी. पाच मिनिटं विचार करून."

"मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत, कागद होता."

"होता."

"हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"विचारलं नव्हतं."

वकीलबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "असं उत्तर कसं देतात ते मला कळतं, मी वकील आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही आहात."

अहवालाचा फॉर्म भरायचा राहिला होता. त्यात कारणाचे तीन चौकोन आहेत: मेकॅनिकचा निष्काळजीपणा, यंत्राचा दोष, अज्ञात. फोरमन पेन घेऊन थांबला. "यात हे बसतच नाही, काका."

फॉर्म मीच केलेला आहे, सहा वर्षांपूर्वी. मी पेन मागितलं. तिसऱ्याखाली पट्टीने चौथा चौकोन आखला. पुढे लिहिलं: 'सूचना अस्तित्वात असून मेकॅनिकला दाखवली गेली नाही.' त्याच्यापुढे जबाबदार व्यक्तीसाठी रेघ ओढली आणि रेघेवर माझं पद लिहिलं. पद अपुरं वाटलं म्हणून सही केली.

परवाना कायम. यंत्रणेच्या चाव्या आजपासून इंजिनिअरकडे. मालकांनी ते माझ्याकडे न बघता सांगितलं. संध्याकाळी तिने विचारलं, "सर, बरोबर बसाल ना? मला तुमचं झाड पाठ नाही." मी म्हणालो, बसेन. बंद कप्पे परत दाखवायचे, पण वकीलबाईंचं काय, आणि पुन्हा एकसष्ट फोन आले तर ते कोणी घ्यायचे, यावर आम्ही तासभर बोललो. तिला वाटतं, शोधात एवढंच यावं: 'एक कागद आहे, तुम्हाला बंद आहे, विचारा.' भांडण आहे हे मग लपत नाही. मला अजून पूर्ण पटलेलं नाही. फोन मात्र मी घेईन म्हणालो.

तिथून मेहुण्याकडे. शनिवारी त्याला घरी सोडलं आहे. दार हिने उघडलं. फोरमनचा फोन माझ्याआधी पोचला होता, हे हिच्या तोंडावरून कळलं. ही आत गेली आणि कपांचा आवाज आला.

मेहुणा खिडकीपाशी बसला होता. मी समोर बसलो. सगळं क्रमाने सांगितलं: पत्र, कप्पा, शून्य, चौथा चौकोन. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी बघितलं होतं, हे तुमच्याकडे लिहिलेलंच होतं."

"हो."

"तुम्ही ते कधी बघितलंत?"

"चोवीस तारखेला. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी."

त्याने डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजलं. सावकाश मोजलं. मधे एकदा थांबला, दवाखान्यातल्या रविवारापाशी असावं.

"बारा दिवस," तो म्हणाला.

अकरा होतात. मी दुरुस्त केलं नाही.